प्रवाळ साफ करायला गेलो आणि आधी हाताची घडी घालायला शिकलो

तळ_गाठलेला:

लिहीन लिहीन म्हणत चार महिने गेले. दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून प्रवाळांच्या कामाला जाऊन आलो, म्हणजे तळावरचा कचरा काढणं आणि मोडलेल्या प्रवाळांची नर्सरी सांभाळणं असं जोडकाम. जागेचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये.

जाताना डोक्यात चित्र असं की सकाळी उडी मारायची, पोतंभर प्लास्टिक घेऊन वर यायचं, फोटो काढायचा, झालं. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस कचऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही. एकही प्रवाळ नाही अशा वाळूवर नेलं आणि सांगितलं, तळापासून हातभर वर आडवं तरंगायचं, हाताची घडी, गुडघे मागे दुमडलेले, पाच मिनिटं. वर जायचं नाही, खाली टेकायचं नाही, जे काय करायचं ते श्वासावर. माझ्या नावावर पन्नासेक डाइव्ह आहेत आणि आपली बॉयन्सी, म्हणजे वरखाली न होता पाण्यात तरंगायचा तोल, बरी आहे असा माझा समज होता, तो दुसऱ्याच मिनिटाला फिटला कारण मागे वळून बघतो तर माझ्या फिन्सनी, म्हणजे पायातल्या वल्ह्यांनी, वाळूचा ढग उठवलेला. आमची इन्चार्ज पाण्याखालच्या पाटीवर एकच शब्द लिहून समोर धरायची, "पाय". अजून स्वप्नात येते ती पाटी.

बोटीवर आल्यावर तिने कारण सांगितलं. वाळू अंगावर बसली की प्रवाळ चिकट स्राव सोडून ती झटकत बसतं, त्यात त्याची ताकद जाते, आणि जे आधीच आजारी आहे त्याला एवढंही पुरे होतं. एक पिशवी उचलायला जाऊन दहा प्रवाळांवर माती टाकून येणार असाल तर बोटीतच बसा, असं तोंडावर.

आणि तरी तिसऱ्या दिवशी व्हायचं ते झालंच. हरणाच्या शिंगासारख्या फांद्यांचं एक प्रवाळ होतं, त्यात पातळ पिशवी अडकून फडफडत होती, मी हात लांबवला, सगळं लक्ष पिशवीवर, आणि मागे उजवा फिन कशाला तरी लागला. पाण्यात आवाज फार स्पष्ट येतो. वाळकी काडी मोडावी तसा कट्. बोटाएवढी फांदी, मोडली तिथे पांढरीशुभ्र. चूक शंभर टक्के माझी. पिशवी निघाली, हो.

कचऱ्यात सगळ्यात जास्त काय सापडलं तर तंगूस, म्हणजे गळाची ती पारदर्शक नायलॉनची दोरी. ती ओढायची नाही. ओढली की करवतीसारखी प्रवाळाच्या जिवंत थरात शिरते. जिथे जिथे वेढा बसलाय तिथे कात्रीने बोटबोटभर तुकडे करायचे आणि जेवढा सुटा झाला तेवढाच काढायचा. वीतभर फांदीला मला पंचवीस मिनिटं लागली, नंतर बघितलं तर टँकमधली अर्धी हवा तिथेच गेलेली. आणि प्रवाळ जर तंगूसाच्या वरून वाढलं असेल तर दोन्हीकडची टोकं कापून मधला तसाच सोडायचा. टायर असो, बाटली असो, ज्याच्यावर प्रवाळ बसलंय ते आता त्याचं घर. बाटली उचलण्याआधी आत डोकावायचं हाही नियम, एकीत छोटा ऑक्टोपस होता, आपला एक डोळा लावून बघत बसलेला. ती बाटली पंचनाम्यात फक्त लिहिली, जागची हलवली नाही.

गंमत म्हणजे एरवी बऱ्याच ठिकाणी प्रवाळांवर डाइव्ह करताना ग्लोव्हज घालू देत नाहीत, कारण ग्लोव्हज आले की माणूस दिसेल ते धरतो. कचरा काढताना मात्र सक्तीचे, गळ आणि काचा असतात म्हणून.

नर्सरीचं खाली प्रतिसादात लिहितो, बोटं दुखली टाइप करून.

गंपूनाना:

वा वा. सोफ्यावर टेकवले की "पाय" हा शब्द आम्हाला पाटीशिवायच ऐकू येतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

झुळूक:

मला पोहतासुद्धा येत नाही तरी श्वास रोखून वाचलं. बाळबोध प्रश्न आहे, हसू नका, प्रवाळ हा प्राणी, झाड की दगड?

शंखपुष्पी:

झुळूक, अगं बाळबोध कसला, शतकानुशतकं भल्याभल्यांचा यात गोंधळ होता. मुळात प्राणी. नखाएवढे किंवा त्याहून लहान पॉलिप, जेलीफिशच्या नात्यातले, शेजारी शेजारी वसाहत करून राहतात. खाली चुनखडीचा सांगाडा बांधतात, तो दगडाचा भाग. आणि त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला, ते उन्हावर अन्न तयार करून त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. रंगही बराचसा त्या भाडेकरूचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा जेमतेम एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं, आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. तेच ब्लीचिंग. पांढरं म्हणजे मेलेलं नाही हं, उपाशी. पाणी लवकर निवलं तर सावरतं.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर प्रवाळ आहेत आणि समुद्री जीवांच्या जातींपैकी अंदाजे पाव हिस्सा आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतो.

उगाच_एक:

लेख आवडला पण मी माझ्या नावाला जागणार. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफचं (रीफ म्हणजे प्रवाळांनी बांधलेली रांग) सागरी उद्यान ३,४४,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, नुसतं २०२४ पर्यंत एवढ्या वेळा तिथे पाणी तापून मोठं ब्लीचिंग झालं. आणि आपण काय करतोय तर एका फांदीला पंचवीस मिनिटं. आभाळच फाटलंय तर ठिगळ कुठे कुठे लावणार? वर तिथवर जायला विमान, डिझेलची बोट, टँक भरायचा कॉम्प्रेसर. तळ_गाठलेला, राग मानू नका, पण तुम्ही न जाता तर एक फांदी तरी वाचली असती.

आणि चांगल्या हेतूचं म्हणाल तर फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ १९७० च्या दशकात कृत्रिम रीफ म्हणून २० लाखांच्या आसपास टायर समुद्रात टाकले होते, ऑस्बॉर्न रीफ. स्वयंसेवकांनीच, आपापल्या बोटी घेऊन, मोठ्या उत्साहात. टायर एकत्र बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर सुटले आणि लाटांबरोबर जाऊन शेजारच्या खऱ्याखुऱ्या प्रवाळांवर आपटायला लागले. ते काढायला पुढे लष्कराचे पाणबुडे लावावे लागले तरी काम संपेना.

तळ_गाठलेला:

उगाच_एक, राग कशाला, त्या फांदीचं मी रोज स्वतःला ऐकवतो. ऑस्बॉर्नचं उदाहरण आम्हालाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, समुद्रात काहीतरी टाकून येणाऱ्या माणसाला नेहमी संशयाने बघा म्हणून.

पण ठिगळाबद्दल एक. आम्ही साफ करत होतो ती प्रवाळांची भिंत आधी तापलेल्या पाण्याने अर्धी झालेली, उरलेल्यात तंगूस. दोन्ही मार एकदम बसतात. तापलेल्या पाण्याचं मी काही करू शकत नाही, तंगूसाचं करू शकतो. एवढाच हिशोब आहे माझा, त्याहून मोठा नाही.

आता नर्सरी. फ्लोरिडाच्या कोरल रिस्टोरेशन फाउंडेशनने (२००७ सालची संस्था) लोकप्रिय केलेली पद्धत, पीव्हीसीच्या नळ्यांचं झाड. मधला दांडा तळाला बांधलेला, वरती बोया म्हणजे तरंगणारा गोळा, त्यामुळे ते पाण्यात उभं डोलतं, आणि आडव्या फांद्यांवरून प्रवाळाचे तुकडे लोंबकळत असतात. कशाने बांधलेले? तंगूसाने! सकाळी ज्याला शिव्या घालायच्या त्याच्याच गाठी दुपारी मारायच्या. लटकवायचं कारण असं की वाळू बसत नाही, चारी बाजूंनी पाणी खेळतं, आणि प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायींना आणि फायरवर्म नावाच्या समुद्री किड्यांना तळावरून चढून येणं अवघड जातं.

काम काय, तर भांडी घासणं. खरंच. नळ्यांवर, गाठींवर शेवाळ चढतं आणि ते वाढलं की तुकड्याला झाकून टाकतं. जाडा ब्रश नळीला, टूथब्रश गाठीला, तुकड्याच्या अंगाला ब्रश लावायचा नाही. नळ्यांवर फायर कोरल नावाचा प्रवाळासारखा डंख मारणारा जीवही येतो, तो मनगटाला घासला की चिंगारी लागल्यासारखं, दोन दिवस चट्टा राहतो. मी पाच दिवस फक्त हेच केलं. एक झाड घासून पुढच्यावर जायचं, शेवटचं संपेपर्यंत पहिल्यावर परत हिरवट साय धरायला लागलेली.

लावणीला दोनच दिवस मिळाले. मेलेल्या खडकावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून कोरा दगड काढायचा, दोन रंगांचा इपॉक्सी, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणारा डिंक, कणकेसारखा मळून गोळा चिकटवायचा, त्यात तुकडा असा रोवायचा की खडकाला जास्तीत जास्त जागी टेकेल, म्हणजे तो त्यावर पसरून स्वतःची पकड घेतो. लाटेचं हेलकावणं चालूच, तुम्ही पुढे जाताय मागे येताय आणि हातातला गोळा धुरकट होत चाललाय. एका डाइव्हमध्ये माझे नऊ झाले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन पडलेले.

डुबकी:

मी डायव्हिंग शिकवते म्हणून थोडं भोचकपण करते. लेख वाचून कुणी उत्साहात जाळं कापायला उतरू नका प्लीज. सुटलेलं जाळं, म्हणजे मासेमार बोटीचं तुटून वाहून आलेलं, हे तंगूसापेक्षा वेगळं प्रकरण आहे. ते पाण्यात जिवंत असल्यासारखं हलतं आणि पहिलं अडकतं ते आपल्या पाठीमागे टँकच्या व्हॉल्व्हला, जिथे आपला हात पोचत नाही. म्हणून दोन कापायची हत्यारं, दोन वेगळ्या जागी, कुठल्याही हाताने काढता येतील अशी. जोडीदार हाताच्या अंतरावर. प्रवाहाच्या वरच्या अंगाला कधीच थांबायचं नाही, प्रवाह तुम्हाला जाळ्यातच ढकलतो.

कचऱ्याची पिशवी स्वतःच्या बीसीडीला, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटला, अडकवू नका. शिशाची वजनं भरली की तुमची सगळी बॉयन्सी गेली आणि घाईत सोडताही येत नाही. हातात धरा, गरज पडली तर सोडून द्या. आणि लिफ्ट बॅग, म्हणजे हवा भरून जड वस्तू वर पाठवायची पिशवी, ती शिकल्याशिवाय अजिबात नको. वर जाताना आतली हवा फुगत जाते, वेग वाढत जातो, दोरीत बोट अडकलं तर तुम्हीही वर. आणि तीच पिशवी पृष्ठभागावर जाऊन उलटली तर अर्धा टन जाळं परत तुमच्या डोक्यावर. तिच्याखाली थांबायचं नसतं हे लिहावं लागतंय कारण मी लोकांना थांबलेलं पाहिलंय.

तळ_गाठलेला, पहिले दोन दिवस नुसतं तरंगायला लावणारी इन्चार्ज मला फार आवडली.

शंखपुष्पी:

उगाच_एक यांच्या प्रश्नावर थोडं. २०१८ मध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ रीफवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्लास्टिक नसलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, प्लास्टिक टेकलेल्याला ८९. कारणंही समजण्यासारखी आहेत, ऊन अडतं, ऑक्सिजन अडतो, घासून जखमा होतात आणि जखमेतून जंतू. तेव्हा ती पिशवी अगदीच किरकोळ नव्हती.

लावणीबद्दल मात्र मला वेगळी काळजी वाटते. एकाच प्रवाळाचे शंभर तुकडे केले तर ती शंभर प्रवाळं नाहीत, एकच आहे शंभर ठिकाणी. एक रोग आला की सगळी एकदम. कॅरिबियनमध्ये स्टोनी कोरल टिश्यू लॉस नावाचा रोग २०१४ मध्ये मायामीजवळ दिसला आणि नंतर सगळीकडे पसरला, तो काही आठवड्यांत जुनी जुनी प्रवाळं संपवतो. त्यामुळे चांगल्या नर्सरीत प्रत्येक तुकडा कुठल्या मूळ वसाहतीचा याची वही असते आणि लावताना मिसळून लावतात. तुमच्याकडे होती का?

तळ_गाठलेला:

होती, प्रत्येक तुकड्याला टॅग आणि बोटीवर वही. गाठी मारताना दोन टॅगांची अदलाबदल झाली म्हणून एकाला ते संपूर्ण झाड परत तपासायला पाठवलं होतं. (मी नव्हे. यावेळी मी नव्हे.)

गंपूनाना:

प्रवाळांचं सातबारा म्हणा की.

समुद्रवेडी:

मला जायचंय! ३० डाइव्ह झालेत. संस्था चांगली की नुसती फोटोवाली हे कसं ओळखायचं? आणि कुरकुर राहिली की सांगायची.

तळ_गाठलेला:

कुरकूर हीच. दहाव्या दिवशी कुणीतरी देणगीदार मंडळी येणार म्हणून वरच्या लोकांनी फर्मान काढलं की आज सगळ्यांनी लावणी करायची, कॅमेरा येणार. पाणी गढूळ, लाटा जोरात, इन्चार्ज नको म्हणत होती. उतरवलं. मोजके तुकडे धड लागले, बाकी नुसते इपॉक्सीत खुपसले, फोटो मात्र सुंदर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच एक बादली घेऊन खाली गेली आणि पडलेले तुकडे वेचून परत झाडावर टांगून आली. चिडली वगैरे नाही, बोललीच नाही दिवसभर.

म्हणून समुद्रवेडी, विचारायचे प्रश्न माझ्या मते असे की मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी आज किती जिवंत आहेत आणि ते मोजतं कोण. "आत्तापर्यंत इतके हजार लावले" हा आकडा सगळेच सांगतात. दुसरं, ज्या कारणाने रीफ मोडलं ते कारण थांबलंय का. बोटींचे नांगर अजून तिथेच पडत असतील तर बोया बांधणं हे लावणीपेक्षा मोठं काम. परवानगी कुणाची आहे तेही बघा, बहुतेक देशांत प्रवाळाला हात लावायलाही कागद लागतो. आणि उतरण्याआधी तुमचं तरंगणं तपासत नसतील तर सरळ परत या.

डुबकी:

+१. शेवटच्या वाक्याला +१००.

उगाच_एक:

जिवंत किती या प्रश्नावर थोडं वाचून आलो, कारण इथे नुसतं कुजकट बोलून चालत नाही. २०२० मध्ये जगभरातल्या पुनर्वसन प्रकल्पांचा एक मोठा आढावा आला होता. तुकडे जगण्याचं सरासरी प्रमाण ६० ते ७० टक्के निघालं, जे मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ बरं आहे. पण निम्म्याहून जास्त प्रकल्पांनी दीड वर्षाच्या आतच मोजणं थांबवलेलं, आणि प्रकल्पाचा मधला आकार १०० चौरस मीटर. म्हणजे एक बरा फ्लॅट. माझं ठिगळ कायम.

आणि २०२३ चा उन्हाळा विसरू नका. फ्लोरिडात एका उथळ खाडीत जुलैमध्ये ३८.४ अंश नोंदलं गेलं. पाण्याचं! स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं घासून घासून वाढवलेले तुकडे नर्सरीतून उपसून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवायची पळापळ झाली, आणि रीफवर लावलेले कित्येक तर तिथेच गेले. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये हे चौथं जागतिक ब्लीचिंग असल्याचं जाहीर केलं.

शंखपुष्पी:

बरोबर आहे, आणि तरी त्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे ना, उपसून हलवायला काहीतरी शिल्लक होतं ते नर्सरीमुळेच. त्यातल्या कित्येक मूळ वसाहती आता समुद्रात उरलेल्याही नाहीत.

आणि कारण थांबलेलं असलं की काय होतं त्याचं उदाहरण इंडोनेशियात सुलावेसीजवळ आहे. तिथे पूर्वी सुरुंग लावून मासे मारायचे, त्यात प्रवाळांचा नुसता चुरा झालेला, आणि चुरा लाटांनी हलत राहतो म्हणून नवीन पिल्लांना पाय रोवता येत नाही. तिथे वाळूचा लेप दिलेल्या लोखंडी षटकोनी चौकटी एकमेकींना बांधून चुऱ्यावर अंथरल्या आणि त्यांवर तुकडे बांधले. चार वर्षांत तिथल्या रीफचा चुनखडी बांधायचा वेग शेजारच्या धडधाकट रीफइतका झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात भर फांद्यांवाल्या जातींचीच आहे, त्या तापलेल्या पाण्याला लवकर बळी पडतात, हेही त्याच अभ्यासकांनी लिहिलंय.

झुळूक:

पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी काही असतं का हो? की आम्ही फक्त +१ करायचं.

डुबकी:

असतं की. क्वीन्सलँड विद्यापीठाचं कोरलवॉच म्हणून २००२ पासून काम चालू आहे. रंगाच्या छटांचं एक कार्ड असतं, रंगाच्या दुकानातलं असतं ना तसंच, १ ते ६. प्रवाळाशेजारी कार्ड धरून सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद छटा लिहायची. स्नॉर्केलिंग करतानाही जमतं, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर चालतानाही, फक्त प्रवाळावर पाय नको. कचऱ्याच्या बाजूलाही किनाऱ्यावर माणसं लागतातच, डाइव्ह अगेन्स्ट डेब्री २०११ पासून चालू आहे त्यात वर आणलेली प्रत्येक वस्तू मोजून, वजन करून नोंदवायची असते. गळ किती, शिसं किती, बाटल्या किती. ओल्या तंगूसाचं भेंडोळं उलगडून मोजणं हे पाणबुड्यांना नकोसं वाटतं आणि नेमकं तेच लागतं.

झुळूक:

गुंता सोडवणे यात माझं लोकरीवर पंधरा वर्षांचं काम आहे. येते.

गंपूनाना:

सगळं झालं पण मुख्य विषय राहिला. तुम्ही लाथ मारली त्या फांदीचं पुढे काय?

तळ_गाठलेला:

विसरला नाहीत तर.

ती वाळूत पडण्याआधी इन्चार्जने खालच्या खाली झेलली, अक्षरशः तळहातावर, आणि मला खूण केली चल मागे. तसंच नर्सरीत नेलं, माझ्या हातात तंगूस दिला आणि गाठ मारायला लावली. पहिली गाठ सुटली, दुसरी बसली. मोडलेल्या फांद्या हेच तर नर्सरीचं बियाणं असतं, वादळात तुटलेल्याही अशाच वेचून आणतात, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं, पण मला त्या टॅगचा नंबर पाठ झाला. ११७.

परवा तिला मेसेज करून विचारलं. ती म्हणाली टोकाकडचा भाग मेला, त्यावर शेवाळ चढलंय, मात्र खालच्या बाजूने दोन फुटवे निघालेत, एक नखाएवढा आणि एक त्याहून थोडा मोठा. फोटो पाठव म्हटलं तर पाठवला, त्यात निम्मा फोटो कुणाच्या तरी फिनचा आहे. खाली तिने लिहिलंय, "पाय".